घोडीवरचा दोरा

दीपाली ओव्हाळची पहिली समजूत अशी होती, की गिटारच्या दोन तारा तुटल्यात, म्हणून ती स्वस्तात मिळतेय.

बुधवारी तिला सुट्टी आणि बुधवारीच जुना बाजार. कुकरची झाकणं, गंजलेल्या पकडी आणि आतला फोटो काढून घेतलेली एक फ्रेम, अशा ढिगावर ते लांबलचक वाद्य आडवं पडलं होतं. चॉकलेटी रंग, जागोजागी पोपडे, आणि नाव म्हणाल तर कुठेच नाही.

"काय ओ, हिला चारच तारा?" दीपालीने विचारलं.

"ताई, सहा होत्या. दोन टाकल्या की झालं."

"मग सहाच्या खुंट्या कुठायत? मला चारच दिसतायत."

विकणाऱ्याने आपल्या मालाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "त्या पण टाकून घ्या."

एवढ्या प्रामाणिक माणसाशी घासाघीस कशी करायची? दीपालीने ते घेतलं. घरी येऊन ओल्या फडक्याने पुसलं. तारा जिथे टेकतात त्या रुंद पांढऱ्या पट्टीवर, म्हणजे घोडीवर, काळपट सुताचे बारके तुकडे चिकटले होते. तिने ते नखाने खरवडून केरात टाकले. बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांच्या दारात तिची सासू हिराबाई पाय पसरून लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली.

"वल्हं आणलंस? आणि होडी कुठाय?"

"आई, गिटार आहे."

"असेल बाई. आमच्या काळी वल्ह्याला तारा नसायच्या."

गिटारीचं वेड दीपालीला उगाच लागलं नव्हतं. ती पीएमपीत कंडक्टर. कात्रज ते शिवाजीनगर गाडीत तिचा आवाज ऐकला की दारात लोंबकळणारा माणूसही निमूट आत सरकायचा. हाच आवाज वस्तीच्या विहारात उभा राहिला की वेगळा व्हायचा. करुणा गायन पार्टीत ती लहानपणापासून गात होती. भीमगीताची ओळ वर चढायला लागली, की बाकीच्या बाया आपोआप थांबायच्या आणि दीपालीकडे बघायच्या. ती टीप तिची, हे न बोलता ठरलेलं होतं.

मग गळ्याची गाठ निघाली, ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि जाताना आवाजालाही घेऊन गेली. उरला तो पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा, खालचा, जाड. गाडीत तिने शिट्टी वापरायला सुरुवात केली. पार्टीत शिट्टी चालत नाही.

पार्टीचा प्रमुख अभय, तिचा मावसभाऊ. बँकेत कारकून, पण पेटीवर बसला की साहेबाचाही साहेब. त्याने तिच्या हातात खंजिरी दिली. "तू बस गं. तू नसलीस तर पार्टी कसली!" दीपाली बसली. पण कार्यक्रमात लोक गाणाऱ्यांकडे बघायचे आणि तिच्याकडे बघताना जरा हसायचे, देवळात आलेल्या पाहुण्याच्या पोराकडे बघून हसतात तसं. दया तिला कधीच पचली नव्हती. ज्या ठिकाणी आपण टिपेला असायचो, तिथे नुसतं बसून राहायचं, यापेक्षा न गेलेलं बरं, असं ती नवऱ्याला एकदा म्हणालीही. नवरा डेअरीतली पाळी संपवून आलेला. तो म्हणाला, "गळा गेला, हात शाबूत आहेत ना?" म्हणून गिटार.

पहिल्याच तालमीला मात्र गोंधळ उडाला. मोबाइलमधल्या ॲपवर तिने तारा लावल्या होत्या. मोकळी तार छेडली की हिरवा दिवा लागायचा. दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे पडद्यावर, बोट ठेवून तीच तार छेडली, की लाल. विहाराच्या स्पीकरला वायर जोडल्यावर तर तो लाल दिवा सगळ्यांना ऐकू आला.

अभयने भाता थांबवला. "दीपाली, हे काय वाजतंय?"

"गिटार."

"ते दिसतंय. वाजतंय काय?"

कोरसमधली मैत्री नावाची, दीपालीपेक्षा लहान गाणारी फिस्सकन हसली आणि मग पदरात तोंड लपवून खोकल्याचं नाटक करू लागली.

तालीम संपल्यावर अभय तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला. "तुला टाकून बोलत नाही. पण बेसूर मला चालत नाही, माझ्या बापाचंही चालवून घेतलं नाही मी. बुद्ध पौर्णिमेपर्यंत हे सुरात आण. नाहीच आलं, तर कीबोर्डवाला सांगतो. तो डाव्या हाताने खालचे सूर देईल."

"आणि मी?"

"खंजिरी आहे ना!"

नारायण पेठेत आमोद नावाचा एक तरुण गिटारी दुरुस्त करतो, असं तिला तिच्याच गाडीतल्या एका कॉलेजच्या मुलीने सांगितलं. दुकान म्हणजे जिन्याखालची फट. आमोदने वाद्य हातात घेतलं, उलटं केलं, वजन केल्यासारखं वर-खाली केलं.

"ताई, दोन तारा कुठे गेल्या म्हणालात?"

"तुटल्यात."

"नाही तुटल्या. नव्हत्याच. ही बास गिटार आहे, बासला चारच असतात. खालचे सूर देते. अभिनंदन, तुम्ही घ्यायला एक गेलात आणि दुसरंच घेऊन आलात. लग्नाच्या बाबतीतही लोकांचं असंच होतं."

"तुमचं झालंय का?"

"लग्न? नाही. मी आधी तारा मोजतो."

दीपाली मोकळेपणी हसली. आमोदने मग नीट समजावलं. पडदे चुकीच्या जागी असावेत असं दिसतंय. पण बरोबर जागा कुठल्या, हे ठरतं वाद्याच्या लांबीवर आणि बनावटीवर. हे कोणत्या कंपनीचं, कुठल्या देशाचं हे कळलं, की त्याचं मूळ माप मिळेल. मग दुरुस्ती करता येईल. "मूळ कळल्याशिवाय हात लावला, तर उरलंसुरलंही जाईल. ठेवून जा. फोटो टाकतो जाणकारांच्या ग्रुपवर."

पुढच्या बुधवारी ती गेली, तेव्हा आमोदचा चेहरा मजेशीर झाला होता.

"एक जण म्हणाला जपान. एक म्हणाला चेकोस्लोव्हाकिया. एकाने छातीठोकपणे रशिया सांगितलं. आणि एकाने सांगितलं, की तुझ्या दुकानात उजेड कमी आहे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, तिघांच्याही मापात हे बसत नाही. कुठल्याच कारखान्यात असे पडदे बसत नाहीत. काही पुढे, काही मागे. मी तुम्हाला सांगणार होतो, की कुणीतरी डोळे मिटून ठोकलेत, सोडून द्या." आमोदने दांडीवर पेन्सिलने केलेल्या खुणा दाखवल्या. "पण हे बघा. खालच्या सप्तकात हा पडदा जेवढा मागे आहे, तेवढाच वरच्या सप्तकातला त्याचा जोडीदार मागे. हा पुढे, तर तोही पुढे. अहो, चूक करणारा माणूस तीच चूक दुसऱ्यांदा इतक्या हिशेबात कशी करेल?"

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम. का, ते मला कळत नाही. आणि ही घोडी. गिटारची घोडी अशी रुंद, सपाट, हाडाची कुणी करतं का?"

त्याने मागची पट्टी उघडली. आत विजेच्या वायरी, एक गुंडाळी, आणि पोकळीच्या कडेने चिकटवलेल्या पांढऱ्या मऊ चामड्याच्या पट्ट्या. पट्टीची कड सरळ नव्हती. कात्रीने दात्यादात्याची कापलेली होती.

"हे असलं चामडं मी गिटारमध्ये कधी पाहिलेलं नाही," आमोद म्हणाला.

दीपालीने बोट लावलं. आणि एकदम तिला मेणाचा, गुळगुळीत लाकडाचा वास आला. खरंतर दुकानात तसा वास नव्हता. तो आठवणीतून आला होता. अभयचे वडील, तिचे कचरूकाका, पेटी उघडून साफ करायचे, तेव्हा पट्ट्या धरून ठेवायचं काम तिचं असायचं. पट्टीखालून हवा सुटू नये म्हणून आत असंच चामडं असतं. असंच, दात्यांच्या कडेचं.

"हे पेटीवाल्याचं काम आहे," ती म्हणाली.

आमोदने पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "जपान गेलं म्हणायचं."

"गेलं."

"बरं झालं. मला तिकडचा पत्ता माहीत नव्हता."

अभयने पेटी उघडायला आधी नाही म्हटलं. बापाची पेटी, तिला तो स्वतःही जपून हात लावायचा. पण दीपालीने उघडलेली बास शेजारी ठेवली, तेव्हा त्याला राहवलं नाही. झाकण निघालं. दोन्हीकडे तेच चामडं, तेच दाते. एकाच कात्रीचे.

"खळदकर," अभय पेटीवरच्या पितळी पट्टीकडे बघत हळूच म्हणाला. "गणेश पेठेत कारखाना होता. बंद होऊन जमाना झाला. त्यांच्यातले बाळकाका दरवर्षी येऊन ही लावून द्यायचे. गुडघे गेले तेव्हापासून येत नाहीत. धायरीला असतात बहिणीकडे."

"फोन आहे?"

"आहे." त्याने पेटीचं झाकण परत बसवलं. "दीपाली, जाऊन ये. पण पौर्णिमा जवळ आली. कीबोर्डवाल्याला मी परवा कळवतो म्हणालोय."

धायरीच्या सोसायटीत लिफ्ट बंद होती. बास पाठीला लावून दीपाली तिसऱ्या मजल्यावर पोचली, तेव्हा दार उघडायला आले ते चौऱ्याहत्तर वर्षांचे बाळ. पांढऱ्या मिशा, हातात काठी.

"तुम्ही पेटी लावायला आणलीत? मी आता कुणाची लावत नाही. माझी मलाच लागत नाही."

"पेटी नाही हो काका. हे दाखवायला आणलंय."

बाळकाकांनी बास पाहिली आणि काठी भिंतीला टेकवली. वळून आत हाक मारली. "कुसुमताई! तुझं पाप परत आलं गं!"

आतून गव्हाळ रंगाच्या, काटकुळ्या, ताठ चालणाऱ्या बाई आल्या. ऐंशी पार केलेल्या. बासजवळ येऊन वाकल्या, घोडीवरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला.

"दोरा कुठाय?"

"कुठला दोरा?"

"इथं तारेखाली सुती दोरा होता. चारी तारांना."

दीपालीला केराची टोपली आठवली. "मावशी... मळ वाटला. मी खरवडून टाकला."

"मळच झाला असणार इतक्या वर्षांत. बरं केलंस. बाळ, माझा डबा दे शिवणाचा."

"ताई, आधी त्यांना बसू तरी दे. पाणी तरी विचार."

"तू विचार पाणी. माझे हात गुंतलेत."

पाणी आलं, मग चहाही आला, आणि चहाबरोबर गोष्ट. कारखाना वडिलांचा. बाळ लाकूडकाम करायचा, सूर लावायचं काम कुसुमताईंचं. गिऱ्हाइकाला वाटायचं बाळच सूर लावतो, कारण पेटी पोचवायला तो जायचा. "आणि मीही सांगत नव्हतो," बाळकाका म्हणाले. "सांगून काय करणार होतास?" ताई म्हणाल्या. "माझ्याकडे साडी बदलून गिऱ्हाइकाच्या घरी जायला वेळ कुठे होता!"

एका गणपतीत कारखान्यासमोर ऑर्केस्ट्रा आला. पुढे जागा मिळाली नाही, म्हणून कुसुमताई स्टेजच्या मागे, स्पीकरच्या खोक्यापाशी उभ्या राहिल्या. तिथून वादकांच्या फक्त पाठी दिसत होत्या.

"गाणाऱ्याचं मला काही ऐकू आलं नाही. एक सूर मात्र पोटात वाजत होता. इथे." त्यांनी पदरावरून हात ठेवला. "बघितलं तर एक माणूस, पाठमोरा, खांद्याला लांब दांडीचं काहीतरी. घरी येऊन बाळला म्हटलं, अरे, विजेवरचा तानपुरा निघालाय."

"मी म्हटलं, अगं ताई, ते गिटारीसारखं काहीतरी असतं."

"तू म्हटलंस. पण गिटारीसारखं म्हणजे कसं, ते तुला तरी ठाऊक होतं?"

"नव्हतं," बाळकाका चहाकडे बघत म्हणाले.

म्हणून त्यांनी तानपुरा केला. घोडी तानपुऱ्यासारखी रुंद, कारण सुराला झंकाराची धार, म्हणजे जवारी, हवी. तारेखाली दोरा, कारण दोऱ्याशिवाय तार झंकारत नाही. त्या माणसाची डावी मूठ दांडीवर सरकताना दिसली होती, म्हणून पडदे. आणि पडदे कुठे बसवायचे? पेटीचा एकेक सूर धरून ठेवायचा, तारेवर बोट सरकवायचं आणि दोन्ही आवाज एक झाले, की तिथे खूण. पेटी अर्थातच खळदकरांची, गळ्याच्या नैसर्गिक सुरांना लावलेली. बाजारातल्या तयार पेटीसारखी किंवा दीपालीच्या ॲपसारखी नव्हे.

"आतली गुंडाळी रेडिओवाल्याकडून करून घेतली. तो म्हणाला, वहिनी, हे काय आहे? म्हटलं, तुम्हाला काय करायचंय, गुंडाळा."

"मग वाजवलीत?" दीपालीने विचारलं.

"भजनी मंडळात दोनदा. बायका म्हणाल्या, कुसुमताई, देवाच्या नावात ही घरघर नको. मग एका बँडवाल्याने नेली. त्याने त्यांच्या पद्धतीने तारा लावल्या आणि बेसूर आहे म्हणून परत आणून टाकली. मग माळ्यावर. कारखाना रिकामा करताना भंगारात गेली असेल." त्यांनी खुंटीवर हात ठेवला. "तू कशा लावल्यास तारा?"

"त्या बँडवाल्यासारख्या. मोबाइलमध्ये सांगतात तशा."

"मग ती रडणारच. सा-प-सा-प लाव. तुमचा सा कुठला?"

"काळी एक."

"अभयच्या वडिलांची, कचरूभाऊंची पेटी ना? त्यांचा सा काळी एकच. मीच लावली ती." त्यांनी जाड तार सैल सोडली, दुसरी जराशी, तिसरी जराशी, चौथी किंचित चढवली. मग पांढऱ्या रिळाचा दोरा दातांनी तोडून तारेखाली सरकवला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. "वाजव."

वायर जोडायला काही नव्हतं. दीपालीने घोडीजवळ कान नेला आणि जाड तार छेडली. आधी नुसता घुमारा. दोरा केसभर सरकला आणि तार एकदम उघडली. मधमाशांच्या पोळ्याजवळ उभं राहावं तसा, आत बरंच काही असलेला सूर.

"आता गंधार. तो पडदा, जो तुझ्या दुरुस्तीवाल्याला मागे वाटला."

दीपालीने बोट ठेवलं. आणि नकळत ती तो सूर गुणगुणली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून सूर निघाला होता. खाली, जाड, खरखरीत, पण त्या तारेच्या अगदी मांडीला मांडी लावून.

कुसुमताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आवाज असाच आहे, की सर्दी झालीय?"

"असाच. गेला ऑपरेशनमध्ये."

"गेला कुठे? खाली बसलाय. खर्जाला बसलाय."

"मावशी, मी टिपेला गायचे हो."

"मी पण तिसरा मजला जिन्याने चढायचे," कुसुमताई म्हणाल्या आणि दुसऱ्या तारेखाली दोरा घालायला लागल्या.

परतीच्या बसमध्ये दीपाली प्रवाशासारखी खिडकीत बसली. शेजारच्या आजोबांना बासचं टोक लागत होतं. "अहो, हे खाली ठेवता येत नाही का?" त्यांनी विचारलं. "नाही हो," ती म्हणाली, "दोरा हलेल." आजोबांनी यावर विचार केला आणि पुण्यात सगळ्यांना कळतं तसं समजल्यासारखं दाखवून तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तालमीला अभय फोन हातात घेऊनच बसला होता. कीबोर्डवाल्याचं नाव पडद्यावर दिसत होतं. दीपाली थेट स्पीकरपाशी गेली. तिने बास जोडली आणि काळी एकचा सा छेडला.

अभयने फोन मांडीवर ठेवला. पेटीवर सा धरला. मग गंधार धरला. दीपालीने गंधार दिला. दोन सूर जवळ आले, की त्यांच्यात एक थरथर असते, डबक्यातल्या पाण्यासारखी. ती त्याला कायम नकोशी वाटायची. ती थरथर आज आलीच नाही. त्याने धैवत धरला, मग वरचा सा. तो तिला पकडायला बघतोय, हे मैत्रीलाही कळलं. दीपाली कुठेच सापडली नाही.

"पुन्हा," अभय म्हणाला.

तिने पुन्हा वाजवलं.

"कुठून आणलंस हे?"

"तुझ्या पेटीच्या माहेराहून."

अभयने भाता बंद केला. मग कीबोर्डवाल्याला फोन लावून म्हणाला, "हॅलो, हां, नको. नाही नाही, तुमचं काही चुकलं नाही. आमच्याकडं माणूस आहे."

"माणूस काय म्हणतोस, बाई म्हण," मैत्री म्हणाली, आणि या वेळी दीपालीही हसली. खंजिरी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली गेली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारापुढे मांडव पडला. कुसुमताई बाळकाकांबरोबर रिक्षाने आल्या. आमोदही आला होता, म्हणे रशियावाल्याला पुराव्यादाखल व्हिडिओ पाठवायचा आहे. हिराबाईने ताईंना पुढच्या ओळीत खुर्ची दिली, शेजारी स्वतः बसली. "आमची सून वल्हं वाजवते. तुम्हीच केलंय म्हणे ते?"

"हो."

"चांगलं वजनदार केलंय. घरात फिरायला जागा राहिली नाही."

वंदना झाली, खीर वाटून झाली, स्टेजवर दिवे लागले. सुरू करण्याआधी कुसुमताईंनी पुढून हात हलवून दीपालीला जवळ बोलावलं. ती वाद्य घेऊन कडेशी वाकली.

"तिसऱ्या तारेचा दोरा सरकलाय. इथून दिसतंय मला."

दीपालीने दोरा केसभर पुढे घेतला. ताईंनी मान हलवली.

अभयने पहिली ओळ उचलली, कोरसने झेलली. टिपेची जागा आली, ती मैत्रीने घेतली. जरा घाबरत, पण घेतली. आणि त्या सगळ्याच्या खाली दीपालीचा सा आला. तारेचाही, आणि तिचाही. माइक तिच्यापासून लांब होता, तिचं गुणगुणणं फक्त शेजारच्या ढोलकीवाल्याला ऐकू आलं असेल. त्याने वळून पाहिलं आणि ठेका जरा सैल, जरा ऐटीत धरला.

दुसऱ्या कडव्यात दीपालीने पुढे पाहिलं, तर ताईंची खुर्ची रिकामी. बाळकाका काठी टेकत कुणालातरी शोधत होते. हिराबाई हाताने मांडवाच्या मागच्या बाजूला दाखवत होती.

दीपालीने मान वळवली. स्टेजच्या मागे, बांबू आणि वायरींच्या मध्ये, स्पीकरच्या खोक्याला अगदी चिकटून कुसुमताई उभ्या होत्या. चेहरा गंभीर. तळहात पोटावर.